बास्क किनारा: सगळे विचारतात ते प्रश्न, एकदाच नीट लिहून ठेवलेत

मी मूळची दापोलीकडची, गेली काही वर्षं बिल्बाओत राहते. उन्हाळा जवळ आला की मावसभावापासून आईच्या भिशीतल्या काकूंच्या मुलीपर्यंत सगळ्यांचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न तेच तेच असतात, म्हणून सगळं एकदाच इथे टाकून ठेवतेय. आधी वाचा, मग फोन करा.

हे नक्की कुठे येतं? स्पेनमधे का फ्रान्समधे?

दोन्हीकडे. बिस्केच्या उपसागराचा तो कोपरा, जिथे स्पेनचा उत्तर किनारा आणि फ्रान्सचा पश्चिम किनारा काटकोनात येऊन भेटतात. स्पेनच्या बाजूला बिस्काया आणि गिपुस्कोआ हे प्रांत, फ्रान्सच्या बाजूला लापुर्दी. बास्क लोक स्वतःचे एकूण सात प्रांत मोजतात, त्यातल्या या तिघांनाच समुद्र आहे, बाकी सगळे आत डोंगरात. बिल्बाओ ते सॅन सेबॅस्टियन साधारण १०० किलोमीटर आणि तिथून फ्रान्समधलं बियारित्स अजून ५० च्या आसपास, म्हणजे सगळं मिळून मुंबई-पुण्याएवढंच. पण हे बघून कोणी "एका दिवसात उरकू" म्हणालं ना की माझं डोकं फिरतं.

गुगल मॅपवर एक नाव, बोर्डावर दुसरंच, हे काय आहे?

बऱ्याच गावांना दोन नावं आहेत, एक बास्क आणि एक स्पॅनिश किंवा फ्रेंच. सॅन सेबॅस्टियन म्हणजे दोनोस्तिया, बिल्बाओ म्हणजे बिल्बो, बियारित्स म्हणजे मिआरित्से, सेंट-जाँ-द-ल्यूझ म्हणजे दोनिबाने लोइसुने, आणि बायॉन म्हणजे बायोना. आता गंमत बघा, बायोना नावाचं अजून एक गाव स्पेनच्या पार पश्चिमेला गॅलिसियात आहे. माझ्या एका पाहुण्यांनी तिथलं हॉटेल बुक केलेलं, नॉन रिफंडेबल.

बोर्डावरचे चार शब्द पाठ करून या. इर्तेएरा म्हणजे बाहेर जायचा रस्ता, सारेरा म्हणजे आत यायचा, इचिता म्हणजे बंद, ओंदार्त्सा म्हणजे बीच. आणि कोमुनाक म्हणजे स्वच्छतागृह, त्यात गिसोनाक पुरुषांचं, एमाकुमेआक बायकांचं. हे शेवटचे दोन खरंच पाठ करा, कारण काही ठिकाणी दारावर चित्र नसतं आणि आपण तिथे उभं राहून विचार करत बसतो.

व्हिसा कुठला काढायचा? दोन देश म्हणजे दोन व्हिसे का?

नाही, दोन्ही शेंगेनमधे आहेत, एकच व्हिसा पुरतो. जिथे जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दोन्हीकडे सारख्या असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. ट्रॅव्हल इन्शुरन्स किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतो. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो, तो लवकर करा, मेमधे अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून मला फोन करू नका, माझ्या हातात काही नाही.

सिंगल एंट्री असला तरी सॅन सेबॅस्टियनहून बियारित्सला जाऊन परत येता येतं, शेंगेनच्या आतच आहात ना तुम्ही. पण पासपोर्ट जवळ ठेवा. सीमेवर बूथ वगैरे काही नाही, तरी फ्रेंच पोलीस अधूनमधून ट्रेनमधे चढून कागद बघतात.

मुंबईहून कसं पोचायचं?

डायरेक्ट फ्लाइट नाही. पॅरिस, फ्रँकफर्ट, माद्रिद, इस्तंबूल, असं कुठूनतरी बदलून बिल्बाओ. इथला एअरपोर्ट सांतियागो कालात्रावाने डिझाइन केलाय, पांढरा शुभ्र, पंख पसरल्यासारखा, लोक त्याला कबूतर म्हणतात. दुसरा रस्ता म्हणजे पॅरिस बघून तिथून हाय-स्पीड ट्रेनने बायॉन, बियारित्स किंवा थेट आंदाय. आंदाय हे फ्रान्सचं शेवटचं स्टेशन, तिथे उतरून बाजूलाच एउस्कोत्रेनचं छोटं स्टेशन आहे, त्यातून पाऊण तासाच्या आत सॅन सेबॅस्टियन. या लोकल ट्रेनला इथे तोपो म्हणतात, म्हणजे चिचुंद्रीसारखा तो जमिनीखाली राहणारा मोल, कारण ती सारखी बोगद्यात शिरते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

शहरात बिलकुल नको, पार्किंगचे पैसे आणि मनस्ताप दोन्ही. बिल्बाओ ते सॅन सेबॅस्टियन बस सव्वा तासात पोचवते. एउस्कोत्रेनला त्याच अंतराला अडीच तासांच्या वर लागतात, आपल्या जुन्या नॅरोगेजसारखी रमतगमत जाते, पण देबा, सुमाया, सारौत्स अशी किनाऱ्यावरची गावं घेत जाते, घाई नसेल तर तिनेच जा आणि समुद्राच्या बाजूची खिडकी पकडा. बिल्बाओहून दुसरी एक लाइन गेर्निका, मुंदाका करत बेर्मेओला जाते. खेड्यापाड्यात, डोंगरात शिरायचं असेल तर दोन दिवस गाडी घ्या. भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट हवं. आणि सीमा ओलांडणार असाल तर भाड्याच्या कंपनीला आधी सांगा.

सीमा ओलांडायचा सगळ्यात भारी मार्ग मात्र बोटीचा. आंदाय आणि ओंदार्रिबिया यांच्यामधे बिदासोआ नदीची खाडी आहे, त्यातून छोटी लाँच जाते, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, दाभोळ-धोपावे आठवतं मला दर वेळी. त्याच नदीत वरच्या अंगाला फेझंट आयलंड नावाचं एक इवलंसं बेट आहे, ते सहा महिने स्पेनचं असतं आणि सहा महिने फ्रान्सचं. १६५९ चा स्पेन-फ्रान्स तह तिथे झाला. वर जाता येत नाही, काठावरूनच बघायचं.

किती दिवस ठेवावेत?

सहा-सात. तीन रात्री बिल्बाओ, तीन सॅन सेबॅस्टियन, जमलं तर एखादी फ्रेंच बाजूला. ऑगस्टमधे सॅन सेबॅस्टियनची हॉटेलं परवडत नाहीत, मग बिल्बाओत राहून बसने ये-जा करा.

लोक मला एक्सेल शीट पाठवतात, सकाळी नऊला हे, अकराला ते. इथे ते चालत नाही. या किनाऱ्यावर दोन घड्याळं चालतात, एक भरती-ओहोटीचं आणि एक जेवणाचं, आणि तुमचं शीट या दोघांपैकी एकालाही माहीत नसतं.

भरती-ओहोटी एवढी महत्त्वाची आहे का?

हो!! आमच्या कोकणातल्यांना हे सांगावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याच्या पातळीत चार मीटरच्या वर फरक पडतो. सकाळी ज्या बीचवर पोरं फुटबॉल खेळत होती तिथे दुपारी भिंतीला पाणी. लेकेइतिओ गावासमोर सान निकोलास नावाचं बेट आहे, ओहोटीला तिथे चालत जाता येतं, आणि वेळ चुकली तर चालत येता येत नाही. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे काल बघितलेली वेळ आज चालणार नाही. टाइड टेबल फोनवर ठेवा आणि त्याप्रमाणे दिवस लावा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो सुमायाला. तिथल्या इत्सुरुन बीचच्या कड्यात दगडाचे थर असे उभे दिसतात की कोणीतरी वह्यांचा गठ्ठा आडवा ठेवलाय, याला फ्लिश म्हणतात. एक टणक चुनखडीचा थर, एक मऊ मातकट थर, परत टणक, परत मऊ. अशी एक जोडी साचायला साधारण २०,००० वर्षं, पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो त्या चक्राचा हा हिशेब आहे. ओहोटीला खाली उतरून तुम्ही या थरांवर बोट ठेवत चालू शकता, भरतीला फक्त वरून बघायचं.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट. याच थरांमधे एका ठिकाणी मातीची एक बारीक रेघ आहे, डायनासोर संपले त्या वेळची, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची. मेक्सिकोत अशनी आदळला ती ही वेळ, आणि त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, ज्याचा पुढे सह्याद्री झाला. मी पहिल्यांदा ती रेघ बघितली तेव्हा गाइड आपल्या अशनीबद्दल बोलत होता आणि मला मात्र आंबेनळी घाटातला काळा दगड दिसत होता.

पाऊस असतो का?

असतो. सॅन सेबॅस्टियनला वर्षाकाठी सुमारे १,५०० मिलिमीटर पडतो, पण आपल्यासारखा चार महिन्यांत धो धो नाही, बारा महिने विभागून. त्यातला एक प्रकार म्हणजे सिरिमिरी. आपण बुरंगाट म्हणतो ना, पडतोय का नाही कळत नाही आणि अर्ध्या तासात केस, स्वेटर, सगळं ओलं, अगदी तोच. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा सगळ्यात बरी, मला स्वतःला सप्टेंबर आवडतो, गर्दी ओसरते आणि समुद्र अजून कोमट असतो. कोमट म्हणजे त्यांच्या हिशेबाने हां, आपल्याला थंडच लागतो. बीचवर लाल झेंडा असेल तर पाण्यात जायचं नाही, हा उपसागर खवळला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ऐकत नाही.

मी व्हेजिटेरियन आहे. उपाशी मरेन का?

मरणार नाही, पण बोलावं लागेल. माझे सासरे आले होते तेव्हा एका बारमधे आम्ही "वेजेताल" लिहिलेलं सँडविच मागवलं, नावच वेजेताल, म्हटलं झालं काम. दुसऱ्या घासाला सासरे थांबले, ब्रेड उघडला, आत टोमॅटो, लेट्युस, अंडं आणि व्यवस्थित दाबून भरलेला ट्यूना. चूक बारवाल्याची नव्हती, अख्ख्या स्पेनमधे वेजेताल सँडविच असंच असतं. तर नुसतं "नो मीट" म्हणू नका, कारण इथे मीट म्हणजे गाय-डुक्कर, मासा त्यात येत नाही आणि हॅम तर कित्येकांना मसाल्यासारखा वाटतो. सरळ सांगा: नि कार्ने, नि पेस्कादो, नि खामोन. मांस नको, मासा नको, हॅम नको.

अंडं चालत असेल तर तोर्तिया, बटाट्याचं जाड ऑम्लेट, कांद्याचं मागा. गेर्निकाच्या हिरव्या मिरच्या तळून वर जाड मीठ, एक प्लेट दोघांत संपते, तिखट नसतात. ग्रिल केलेले मशरूम. इदियासाबाल हे मेंढीच्या दुधाचं चीज, थोडं धुरकट, फार सुंदर, पण बहुतेक ठिकाणी कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण, घालून करतात, कडक शाकाहारी असाल तर सोडा. मामिया पण तसंच, मेंढीच्या दुधाचं, खरवस आणि दह्याच्या मधलं काहीतरी, वर मध. बीन्सची उसळ बघून खुश होऊ नका, तळाशी सॉसेज असतंच. क्रोकेट पण विचारून घ्या, आत हॅम नाहीतर कॉड मासा. अगदीच झालं तर बिल्बाओत आणि सॅन सेबॅस्टियनला इंडियन रेस्टॉरंट आहेत.

आणि जत्रा-बाजारात तालो शोधा. तालो म्हणजे मक्याची भाकरी, दुसरं काही नाही. मागच्या डिसेंबरात आई इथे होती, २१ तारखेला सांतो तोमासचा बाजार असतो त्याला तिला घेऊन गेले. स्टॉलवर एक आजी मक्याच्या पिठात कोमट पाणी घालून मळत होत्या, गोळा घेऊन पाटावर थापत, कडेने बोटांनी सारखं करत, मग तापलेल्या लोखंडी तव्यावर. आई पाच मिनिटं हलली नाही. मग मला म्हणाली, "हात चांगला आहे, पण पाणी लावत नाही वरून." लोक त्यात चिस्तोर्रा नावाचं लाल सॉसेज गुंडाळून खातात, आम्ही चीज घालून घेतला, चॉकलेट घालूनही देतात. तिने घरी आणलेला अर्धा तालो दुसऱ्या दिवशी लसणीच्या चटणीबरोबर खाल्ला.

आणि मासे खाणाऱ्यांचं काय?

तुमची मजा आहे. गेतारियाला जा. बंदराजवळच्या गल्लीत रेस्टॉरंटवाल्यांनी कोळशाच्या शेगड्या बाहेर मांडलेल्या असतात आणि टर्बोट नावाचा चपटा मासा, आपल्या पापलेटचा दांडगा काका म्हणा, जाळीच्या पिंजऱ्यात अख्खा घालून निखाऱ्यावर भाजतात. मसाला नाही. मीठ, तेल, थोडा व्हिनेगर. पहिल्यांदा आपल्याला वाटतं काहीतरी राहिलंय, दुसऱ्या घासाला वाटत नाही. महाग आहे, किलोवर असतो, आधी विचारा.

चिपिरोन म्हणजे छोटी म्हाकुलं त्यांच्याच काळ्या शाईत शिजवलेली, दिसायला भयंकर, चवीला एक नंबर. मार्मिताको हे ट्यूना-बटाट्याचं कालवण, मूळ बोटीवर खलाशी करायचे ते. अँचोवी म्हणजे आपल्या मांदेलीच्याच कुळातली. कोकोचा म्हणजे हेक माशाच्या गळ्याखालचा मऊ तुकडा, त्याचा चिकट रस आणि ऑलिव्ह ऑइल पातेलं हलवून हलवून एकजीव करतात. भात मात्र मिळत नाही, सगळ्याबरोबर पाव, माझे बाबा यावरून आठवडाभर रुसून होते.

पिंचोची भानगड काय आहे? कसं मागायचं?

पिंचो म्हणजे बारच्या काउंटरवर मांडलेला दोन-तीन घासांचा पदार्थ, पूर्वी काडी टोचलेली असायची म्हणून हे नाव. नियम सोपा आहे, एका बारमधे एक किंवा दोन खा, एक छोटं ड्रिंक घ्या, पैसे द्या, पुढच्या बारमधे जा. टेबल अडवून बसायचं नाही, उभ्यानेच खायचं. काउंटरवरचं थंड असतं, चांगलं गरम गरम हवं असेल तर मागच्या पाटीवर खडूने लिहिलेलं असतं ते मागवा. अर्ध्या ठिकाणी पैसे शेवटी देतात आणि बारवाला तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो, तेव्हा मोजून ठेवा आणि खरं सांगा, आपली लाज आपल्या हातात. साधारण तीन-चार युरो एकाचे, स्पेशल असेल तर जास्त.

सगळ्यात जुना म्हणतात तो पिंचो म्हणजे गिल्दा, काडीवर ऑलिव्ह, अँचोवी आणि लोणच्याची हिरवी मिरची. १९४६ च्या "गिल्डा" या रिटा हेवर्थच्या सिनेमावरून नाव पडलं, खारट, हिरवी आणि जराशी झणझणीत म्हणून. जळका चीजकेक, जो हल्ली पुण्यातल्या कॅफेतसुद्धा "बास्क चीजकेक" म्हणून मिळतो, तो सॅन सेबॅस्टियनच्या जुन्या गावातल्या ला विन्या बारमधला. रांग असते, उभे राहा.

वेळा सांभाळा. स्पेनच्या बाजूला जेवण दुपारी दीड ते साडेतीन आणि रात्री साडेआठनंतर. साडेपाचला भूक लागली तर किचन बंद. फ्रेंच बाजूला याच्या उलट, बारा ते दोन जेवा नाहीतर राहा तसेच. आणि स्पेनच्या बाजूला रविवारी सुपरमार्केट बंद असतात, दूध-ब्रेड शनिवारीच आणा.

बास्क भाषा शिकायला हवी का? इंग्लिश चालतं का?

टुरिस्ट जागी इंग्लिश चालतं, खेड्यात स्पॅनिश किंवा फ्रेंच. पण दोन शब्द बास्क बोललात ना तर समोरचा माणूस एकदम उजळतो. काइशो म्हणजे नमस्कार, एस्केरिक आस्को म्हणजे थँक्यू, आगुर म्हणजे येतो मग.

या भाषेला एउस्कारा म्हणतात आणि जगातल्या कुठल्याच भाषेशी हिचं नातं सिद्ध झालेलं नाही. तरी सांगते, मराठी माणसाला ही इंग्रजापेक्षा सोपी जाते. आपल्याकडे दोन च आहेत, चमच्यातला आणि चहातला. त्यांच्याकडेही आहेत आणि ते वेगवेगळे लिहितात. ओंदार्त्सामधला त्स म्हणजे चमच्यातला च, चाकोली नावाच्या वाइनमधला म्हणजे चहातला. बाकीचे टुरिस्ट जिथे अडखळतात तिथे तुम्ही सरळ बोलाल.

दुसरं म्हणजे "ने". आपण "माणूस आला" म्हणतो पण "माणसाने पाव खाल्ला" म्हणतो, बरोबर? बास्कमधे "गिसोना एतोरि दा" म्हणजे माणूस आला, आणि "गिसोनाक ओगिआ यान दु" म्हणजे माणसाने पाव खाल्ला. तो शेवटचा क म्हणजेच आपला "ने", फक्त ते तो सगळ्या काळांत लावतात. माझ्या क्लासमधे जर्मन मुलगी यावर महिनाभर रडत होती, मला एका तासात कळलं. गिपुस्कोआत तर त्या "यान"चा उच्चार "खान" करतात, म्हणजे खाणंच की, पण हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून व्हॉट्सॅप फॉरवर्ड तयार करू नका. मोजणीही विसांची. ४० म्हणजे दोन विसा, ६० म्हणजे तीन विसा, आमची आजी आंबे मोजायची तसं.

गेर्निकाला पिकासोचं चित्र बघायला मिळेल ना?

नाही! ते माद्रिदला आहे, राइना सोफिया म्युझियममधे. गेर्निकात रस्त्याच्या कडेला त्याची टाइल्समधली प्रत आहे. तरीही जा. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस, त्या दुपारी स्पेनच्या यादवी युद्धात जनरल फ्रँकोच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन आणि इटालियन विमानांनी गाव भाजून काढलं, ते चित्र त्याचंच. गावात पीस म्युझियम आहे आणि ओकचं झाड आहे ज्याच्याखाली बिस्कायाचे लोक पूर्वी सभा भरवायचे आणि राज्यकर्ते इथले हक्क पाळू अशी शपथ घ्यायचे. झाड मेलं की त्याच्याच वंशातलं रोप लावतात. बाजार अजून सोमवारीच भरतो, तेव्हा सोमवारी जा, शेतकरी आजी-आजोबा भाजी घेऊन बसलेले असतात.

त्या गेम ऑफ थ्रोन्सवाल्या पायऱ्या?

गास्तेलुगाचे. २४१ पायऱ्या, समुद्रात शिरलेल्या खडकावर छोटं देऊळ, म्हणजे सेंट जॉनचं चॅपेल. सातव्या सीझनमधे ड्रॅगनस्टोन म्हणून दाखवलंय, पण वरचा किल्ला कॉम्प्युटरचा आहे, तो शोधत बसू नका. सीझनमधे ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, फुकट असतो पण लागतो. वर जाऊन घंटा तीनदा वाजवायची पद्धत आहे. लक्षात ठेवा, पार्किंगपासून आधी बरंच खाली उतरायचं, मग २४१ चढायच्या, आणि परत येताना तो उतार चढ होतो. गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या पॉइंटवरूनच फोटो काढा.

आई-बाबा सोबत आहेत, फार चालणार नाहीत.

सॅन सेबॅस्टियनची ला कोंचा बीचची प्रोमेनाड सपाट आहे, संध्याकाळी सगळं गाव तिथे. टोकाला चिलिदा या शिल्पकाराचे लोखंडी पंजे खडकात रोवलेत, आणि फरशीला भोकं आहेत, उधाणाला त्यातून खालून वारा आणि पाणी फुस्सकन वर येतं, आईने पदर सावरत तीनदा किंकाळी मारली आणि चौथ्यांदा परत जाऊन उभी राहिली. इगेल्दो डोंगरावर १९१२ ची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने चढावर ओढली जाणारी ट्रेन नेते.

बिल्बाओत गुगेनहाइम म्युझियमला बाहेरून बघायला पैसे लागत नाहीत, फ्रँक गेरीने १९९७ साली टायटॅनियमची ही वास्तू उभी केली तेव्हा हा नदीकाठ बंद पडलेल्या गोद्यांचा होता. दारात फुलांचा कुत्रा आहे, वर्षातून दोनदा त्याची फुलं बदलतात. मग मेट्रोने पोर्तुगालेतेला जा, तिथे १८९३ चा लोंबता पूल आहे. पुलावरून गाड्या जात नाहीत, तर वरच्या लोखंडी तुळयांना तारांनी टांगलेला एक पाळणा गाड्या-माणसांसकट नदीपार सरकतो, आणि खालून जहाजं जाऊ शकतात. २००६ पासून जागतिक वारसा आहे, तिकीट चिल्लर आहे, बाबा चार वेळा गेले आले.

तिथे दहशतवाद होता ना? आता सेफ आहे?

सेफ आहे. एटा नावाची, वेगळा बास्क देश मागणारी संघटना १९५९ मधे सुरू झाली, आठशेहून जास्त माणसं तिने मारली, २०११ ला शस्त्रं थांबवली आणि २०१८ ला स्वतःला बरखास्त केलं. सरकारी बाजूनेही छळ आणि खून झाले. पण बारमधे ओळख झाली म्हणून हा विषय काढू नका, प्रत्येक घराची काहीतरी गोष्ट आहे आणि ती कुठल्या बाजूची ते तुम्हाला माहीत नसतं. आणि "तुम्ही स्पॅनिश लोक" असं सरसकट म्हणू नका, काहींना चालतं, काहींना अजिबात नाही.

गोव्याशी काही संबंध आहे म्हणतात, खरं का?

एकदम खरं. जुन्या गोव्यात बॉम जीझसमधे ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ मधे नवारा प्रांतात हाविएरच्या गढीत जन्मले. झेवियर हे नावच बास्क "एचे बेरी"वरून आलंय, अर्थ नवं घर. म्हणजे मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचं मराठी नाव खरं तर "नवघरे कॉलेज" झालं असतं. ती गढी पॅम्पलोनापासून साधारण ५० किलोमीटर, किनाऱ्यापासून लांब आहे, वेगळा दिवस काढावा लागेल. त्यांचे सोबती इग्नेशियस लोयोला मात्र सुमायाच्या मागच्या खोऱ्यातले, आस्पेतियाचे, तिथलं चर्च अर्ध्या दिवसात होतं.

सण-जत्रा कधी असतात?

ऑगस्टच्या मध्यात सॅन सेबॅस्टियन आणि मग बिल्बाओची मोठी जत्रा, सप्टेंबरच्या पहिल्या दोन रविवारी ला कोंचात होड्यांच्या शर्यती, २० जानेवारीला सॅन सेबॅस्टियनमधे २४ तास ढोल, आपल्या ढोल-ताशावाल्यांनी एकदा येऊन बघावंच. माझा लाडका मात्र २२ जुलै, बेर्मेओचा. त्या दिवशी सगळ्या होड्या सजवून समुद्रात इसारो बेटाकडे जातात आणि तिथे बेर्मेओचा महापौर एक कौल पाण्यात टाकतो, की आमच्या गावाचं छप्पर इथपर्यंत. शेजारच्या मुंदाकाशी बेटावरून जुना वाद आहे, होड्यांची शर्यत लावून मिटवला असं सांगतात. कौल साधंच असतं, मंगलोरी नाही पण तसंच लाल, टाकल्यावर डुबुक आवाज येतो आणि सगळे भोंगे वाजवतात.

कुठे बेर्त्सोलारी असतील तर थांबा. माइकसमोर उभं राहून, दिलेल्या विषयावर, तिथल्या तिथे यमकात रचून गातात, आपल्या कलगी-तुऱ्यासारखा सवाल-जवाब. शब्द कळत नाहीत, पण शेवटची ओळ श्रोतेच ओळखून बरोबर गायला लागतात तेव्हा अंगावर काटा येतो.

तिथून काय आणायचं?

एस्पेलेतची लाल मिरची पूड, बेडगीसारखी रंगाला, तिखट कमी. चापेला म्हणजे ती गोल टोपी. आणि एगुस्किलोरे, वाळवलेलं काटेरी फूल, घराच्या दारावर लावतात वाईट शक्ती आत येऊ नये म्हणून. रात्री आलेल्या चेटकिणीला त्याचे सगळे केस मोजावे लागतात आणि मोजेपर्यंत उजाडतं. आमच्या दारावर ते आहे आणि शेजारी लिंबू-मिरची पण आहे, उगाच रिस्क कशाला.

तुझ्यासाठी काय आणू?

पेढे, तूप, खवा काही नको, भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, एअरपोर्टवर काढून टाकतात. आमसुलं आणा. अर्धा किलो, डबल पिशवीत. तार्ली इथे ढिगाने मिळते, खाली मच्छीवाली ओळखीची आहे, पण आमसुलाशिवाय ते सार लागत नाही.